ह्यूई पी. न्यूटन

ह्यूई पर्सी न्यूटन (जन्म : १७ फेब्रुवारी १९४२, मन्रो, लुईझियाना, मृत्यू : २२ ऑगस्ट १९८९, ओकलंड, कॅलिफोर्निया) हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या मुक्तिलढ्यातील एक नेते आणि ब्लॅक पँथर पक्षाचे सहसंस्थापक होते. भरलेले शस्त्र उघडपणे जवळ बाळगण्याची मुभा कॅलिफोर्निया राज्याच्या तत्कालीन कायद्यात होती. तिचा आधार घेऊन त्यांनी १९६७ मध्ये ओकलंड शहरात पोलिसांच्या गस्तीवर नागरिकांची सशस्त्र देखरेख सुरू केली. हा उपक्रम काही महिनेच टिकला. मात्र त्याला उत्तर म्हणून राज्याच्या विधिमंडळाने त्याच वर्षी कायदा बदलला आणि ही मुभा काढून घेतली. अमेरिकेत शस्त्र बाळगण्याच्या हक्काची चर्चा निघाली की न्यूटन यांचे नाव आजही घेतले जाते, आणि ते घेणाऱ्यांत त्यांचे चाहते व कठोर टीकाकार असे दोघेही असतात.

बालपण आणि शिक्षण

वॉल्टर आणि आर्मेलिया न्यूटन यांच्या सात अपत्यांपैकी ह्यूई हे सर्वांत धाकटे. वडील दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेती करीत आणि बाप्टिस्ट चर्चमध्ये प्रवचनेही देत. लुईझियानाचे लोकप्रिय आणि वादग्रस्त माजी गव्हर्नर ह्यूई लाँग यांच्यावरून मुलाचे नाव ठेवण्यात आले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दक्षिणेकडील राज्यांतील हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे गोद्यांमध्ये व कारखान्यांत काम मिळेल या आशेने कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याकडे गेली. न्यूटन कुटुंबही १९४५ मध्ये ओकलंडला आले. तेथे ते स्थिरावले असे म्हणता येत नाही, कारण भाड्याची घरे वारंवार बदलावी लागत.

ह्यूई यांचे शालेय शिक्षण नावापुरतेच झाले. शिक्षकांशी खटके, शाळेतून काढून टाकणे, पुन्हा दुसरी शाळा, असे करीत ते १९५९ मध्ये ओकलंड टेक्निकल हायस्कूलमधून बाहेर पडले, तेव्हा त्यांना नीट वाचताही येत नव्हते. पाठांतर मात्र उत्तम होते. थोरले बंधू मेल्व्हिन मोठ्याने वाचत त्या कविता ह्यूई ऐकून पाठ करीत. महाविद्यालयात जाण्याची आपली कुवत नाही, हे शाळेने केलेले निदान त्यांना झोंबले आणि त्यांनी स्वतःच वाचायला शिकण्याचे ठरविले. यासाठी त्यांनी निवडलेले पुस्तक म्हणजे प्लेटोचे रिपब्लिक. शब्दकोश शेजारी ठेवून, एकेक शब्द सोडवीत त्यांनी ते पुन्हा पुन्हा वाचून काढले. ज्या मुलाला शाळेने सोडून दिले होते, त्याने वाचनाचा ओनामा ग्रीक तत्त्ववेत्त्यापासून केला, ही घटना त्यांच्या पुढील आयुष्याचा विचार करताना ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

त्यानंतर त्यांनी ओकलंडमधील मेरिट कॉलेजात प्रवेश घेतला आणि काही काळ सॅन फ्रान्सिस्को येथे कायद्याचा अभ्यासही केला. कायद्याकडे वळण्याचे कारण उदात्त नव्हते. त्या काळात ते किरकोळ चोऱ्या करीत असत, आणि पकडले गेल्यास सुटावे कसे हे समजून घेणे हा अभ्यासामागील एक हेतू होता, अशी कबुली त्यांनी आत्मचरित्रात दिली आहे. पुढे याच अभ्यासाला निराळे वळण लागले. १९६४ मध्ये एका मेजवानीत झालेल्या भांडणात त्यांनी एका माणसावर सुरीने वार केले. खटल्यात स्वतःचा बचाव त्यांनी स्वतःच केला, पण ते दोषी ठरले. सहा महिन्यांच्या कारावासातील बराच काळ त्यांनी एकांत कोठडीत काढला. सुटकेनंतरही ते परिवीक्षेवर होते, म्हणजे ठरावीक मुदतीपर्यंत न्यायालयाच्या अटी पाळणे त्यांच्यावर बंधनकारक होते. या अटींचा पुढील घटनांशी निकटचा संबंध आहे.

ब्लॅक पँथर पक्षाची स्थापना

मेरिट कॉलेजात न्यूटन यांची बॉबी सील यांच्याशी ओळख झाली. दोघेही मॅल्कम एक्स यांच्या विचारांनी भारावलेले होते. मॅल्कम एक्स यांची फेब्रुवारी १९६५ मध्ये हत्या झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात मोठी दंगल उसळली. तिची ठिणगी रस्त्यावरील पोलिसांच्या एका साध्या तपासणीतून पडली होती. दंगलीनंतर वॉट्समधील काही नागरिकांनी पोलिसांच्या गाड्यांच्या मागे फिरून त्यांच्या वागणुकीची नोंद ठेवण्यास आरंभ केला. त्यांच्या हाती वह्या आणि कॅमेरे असत. न्यूटन यांना ही कल्पना पटली, पण निःशस्त्र निरीक्षकाला पोलीस जुमानत नाहीत असे त्यांचे मत झाले. नॉर्थ कॅरोलिनातील रॉबर्ट विल्यम्स यांचे सशस्त्र स्वसंरक्षणाविषयीचे लेखनही त्यांच्या वाचनात होते.

ऑक्टोबर १९६६ मध्ये न्यूटन आणि सील यांनी ब्लॅक पँथर पार्टी फॉर सेल्फ-डिफेन्स हा पक्ष स्थापन केला. सील अध्यक्ष झाले आणि न्यूटन संरक्षणमंत्री. काळ्या चित्त्याचे बोधचिन्ह अलाबामा राज्यातील लाउन्डस परगण्यातल्या कृष्णवर्णीय मतदारांच्या संघटनेकडून आले होते. सील ज्या दारिद्र्यनिर्मूलन केंद्रात नोकरी करीत, त्याच्या कार्यालयात बसून दोघांनी पक्षाचा दहा कलमी कार्यक्रम लिहून काढला. रोजगार, घरे, शिक्षण यांच्याबरोबर पोलिसांकडून होणारी मारहाण व हत्या थांबवाव्यात अशी मागणी त्यात होती. या मागणीला जोडूनच, शस्त्र बाळगण्याचा हक्क देणाऱ्या अमेरिकेच्या राज्यघटनेतील दुसऱ्या दुरुस्तीचा हवाला दिला होता. या केंद्रातील कायद्याच्या ग्रंथांचाही न्यूटन यांनी पुरेपूर उपयोग करून घेतला.

पक्षाचा पहिला सभासद बॉबी हटन हा सोळा वर्षांचा मुलगा होता. पहिल्या काही बंदुका रिचर्ड आओकी या जपानी वंशाच्या परिचिताकडून मिळाल्या. पुढील बंदुकांसाठी पैसे उभे करण्याची युक्ती मजेशीर होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी वस्तीतून माओ त्से-तुंग यांच्या विचारांची लहान लाल पुस्तके स्वस्तात आणायची आणि बर्कली येथील विद्यापीठाच्या आवारात नफा घेऊन विकायची.

कायद्याचे पुस्तक आणि शॉटगन

न्यूटन यांचा सारा उपक्रम कायद्याच्या अचूक वाचनावर उभा होता. अंगाखाली लपविलेल्या शस्त्रासाठी कॅलिफोर्नियात परवाना लागत असे, परंतु दिसेल अशा रीतीने बाळगलेल्या शस्त्रासाठी, ते भरलेले असले तरी, परवान्याची गरज नव्हती. बंदूक कोणावर रोखणे हा गुन्हा होता. म्हणून पँथर सभासद नळी सरळ आकाशाकडे किंवा जमिनीकडे ठेवीत. वाहनात रायफल किंवा शॉटगन नेताना तिच्या नळीत काडतूस चढविलेले असण्यास बंदी होती. हा नियम मुळात शिकारीसंबंधीच्या कायद्यातील होता. तोही न्यूटन यांनी शोधून काढला. गाडीत असेपर्यंत काडतूस नळीत नसे आणि रस्त्यावर पाय ठेवल्यावरच ते चढविले जाई. परिवीक्षेच्या अटींमुळे आपण पिस्तूल बाळगू शकत नाही, लांब नळीच्या बंदुकीला मात्र हरकत नाही, असा अर्थ त्यांनी लावला होता. त्यामुळे ते स्वतः शॉटगन घेऊन निघत.

गस्तीची पद्धत ठरलेली होती. पोलिसांची गाडी दिसली की पँथर तिच्या मागून जात. पोलिसांनी कोणाला अडविले तर ते खाली उतरत, पोलिसांच्या कामात अडथळा येणार नाही इतके अंतर राखून उभे राहत आणि अडविलेल्या माणसाला त्याचे हक्क मोठ्याने सांगत. अटक झालीच तर पोलीस ठाण्यावर जाऊन जामिनाची व्यवस्था करीत. पोलिसांनी हटकले असता न्यूटन कायद्याचे पुस्तक उघडून कलम वाचून दाखवीत. बघ्यांची गर्दी जमे. त्या गर्दीपुढे एक तरुण कृष्णवर्णीय पोलीस अधिकाऱ्याशी आवाज चढवून वाद घालतो आहे आणि अधिकारी माघार घेतो आहे, हे दृश्य ओकलंडच्या वस्तीने पूर्वी पाहिले नव्हते. या दृश्याचा परिणाम बंदुकीच्या परिणामाहून मोठा होता असे म्हटल्यास चूक होणार नाही. प्रत्यक्ष गस्तीत त्या महिन्यांत गोळीबार झाला नाही.

१९६७ च्या प्रारंभी पक्षाचे पहिले कार्यालय ओकलंडमध्ये उघडले. त्याच सुमारास कार्यालयाजवळ पोलिसांनी न्यूटन यांची गाडी थांबविली. वाहन चालविण्याचा परवाना, नाव व पत्ता एवढे त्यांनी दिले. अधिकाऱ्याने बंदूक तपासण्यासाठी मागितली. ती देण्यास न्यूटन यांनी साफ नकार दिला. कायद्याने ही बंदूक आपली मालमत्ता आहे आणि गुन्ह्याचा संशय असल्याखेरीज ती मागण्याचा अधिकार पोलिसांना नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. आणखी पोलीस आले. शेजारचे लोक घरांबाहेर आले. अखेर किरकोळ स्वरूपाची वाहतुकीची पावती देऊन पोलीस निघून गेले. बंदूक तपासू देण्यास दिलेला हा नकार नवा कायदा करणाऱ्यांच्याही लक्षात राहिला असावा.

२१ फेब्रुवारी १९६७ रोजी मॅल्कम एक्स यांच्या पत्नी बेटी शाबाझ सॅन फ्रान्सिस्कोला आल्या. विमानतळापासून रॅम्पार्ट्स मासिकाच्या कार्यालयापर्यंत त्यांना सशस्त्र संरक्षण देण्याचे काम पँथरांनी केले. कार्यालयाबाहेर पोलीस आणि पँथर समोरासमोर आले. एका धिप्पाड पोलीस अधिकाऱ्यापुढे न्यूटन यांनी शॉटगनमध्ये काडतूस चढविले आणि तसेच उभे राहिले. काही क्षणांनी अधिकारी मागे सरला. रॅम्पार्ट्समध्ये लेखन करणारे एल्ड्रिज क्लीव्हर हे सर्व पाहत होते आणि त्यानंतर ते पक्षात आले. या प्रसंगाचे वर्णन चळवळीच्या इतिहासात पराक्रम म्हणून केले जाते. परंतु दोघांपैकी एकाचे बोट जरी हलले असते तरी रस्त्यावर प्रेते पडली असती, हेही तितकेच खरे आहे.

मलफर्ड कायदा

१ एप्रिल १९६७ रोजी नॉर्थ रिचमंड येथे डेन्झिल डॉवेल हा कृष्णवर्णीय तरुण शेरीफच्या एका शिपायाच्या गोळीने ठार झाला. तो चोरी करून पळत होता, असे अधिकाऱ्यांनी सांगितले. कुटुंबाला ते मान्य नव्हते. चौकशीत गोळीबार समर्थनीय ठरविण्यात आला. कुटुंबाने पँथरांकडे धाव घेतली आणि पक्षाने त्या वस्तीत सशस्त्र सभा घेतल्या. २५ एप्रिल रोजी पक्षाच्या वृत्तपत्राचा पहिला अंक निघाला, तोही याच मृत्यूविषयी होता.

तोपर्यंत विधानसभेत एक विधेयक येऊन दाखल झाले होते. ओकलंड परिसराचे प्रतिनिधित्व करणारे रिपब्लिकन आमदार डॉन मलफर्ड यांनी ते मांडले होते. सार्वजनिक ठिकाणी भरलेले शस्त्र बाळगण्यास त्यात मनाई होती. विधेयकाचा रोख कोणावर आहे याविषयी कोणाच्याही मनात शंका नव्हती.

२ मे १९६७ रोजी सुमारे तीस पँथर, त्यांत सहा स्त्रिया, राज्याची राजधानी सॅक्रामेंटो येथील विधानभवनात शिरले. परिवीक्षेवर असलेल्या आणि अटक झाल्यास पक्ष नेतृत्वहीन होईल अशा न्यूटन यांना सहकाऱ्यांनी ओकलंडलाच थांबविले. नेतृत्व सील यांनी केले आणि न्यूटन यांनी लिहिलेले निवेदन त्यांनीच वाचून दाखविले. गव्हर्नर रोनाल्ड रेगन त्या वेळी विधानभवनाच्या हिरवळीवर शाळकरी मुलांच्या सहवासात होते. बातमीदारांच्या गराड्यात वाट चुकत पँथर प्रेक्षक सज्जाऐवजी थेट सभागृहात पोहोचले. त्यांच्या बंदुका आधी घेण्यात आल्या आणि त्यांनी कोणताही कायदा मोडलेला नाही असे दिसल्यावर परतही करण्यात आल्या. परतीच्या वाटेवर मात्र पोलिसांनी त्यांना अटक केली. विधानसभेच्या कामकाजात व्यत्यय आणल्याबद्दल सील यांना पुढे काही महिन्यांचा कारावास भोगावा लागला.

दुसऱ्या दिवशी बेरेट टोपी व काळे जाकीट घातलेल्या बंदूकधारी तरुणांची छायाचित्रे देशभर पोहोचली. ओकलंडबाहेर ज्याचे नावही कोणास ठाऊक नव्हते, तो पक्ष एका दिवसात राष्ट्रीय चर्चेचा विषय झाला. त्याच वेळी ज्या विधेयकाला विरोध करण्यासाठी ते गेले होते, त्याचा मार्ग अधिकच मोकळा झाला. विधानभवनातच शस्त्र नेण्यास बंदी घालणारे कलम त्यात वाढविण्यात आले. रस्त्यावर भरलेली बंदूक घेऊन फिरण्याचे कारण सामान्य नागरिकाला पडू नये, असे मत गव्हर्नर रेगन यांनी व्यक्त केले. बंदूकधारकांची सर्वांत प्रभावी संघटना असलेल्या नॅशनल रायफल असोसिएशननेही विधेयकाला पाठिंबा दिला. शस्त्रांवरील निर्बंधांना ही संघटना आणि रेगन यांचा पक्ष पुढील दशकांत किती कडवा विरोध करू लागले, हे जाणणाऱ्या वाचकाला याचे नवल वाटेल. २८ जुलै १९६७ रोजी रेगन यांनी स्वाक्षरी केली आणि कायदा तत्काळ अमलात आला.

या कायद्यातील एक तरतूद विशेष लक्षणीय आहे. शस्त्र भरलेले आहे की नाही हे पाहण्यासाठी ते तपासण्याचा अधिकार पोलिसांना मिळाला, आणि तपासणीस नकार देणे हेच अटकेस पुरेसे कारण ठरले. न्यूटन ज्या नकारावर गस्तीभर ठाम राहिले होते तो आता बेकायदा झाला. यादवी युद्धानंतर दक्षिणेतील मिसिसिपीसारख्या राज्यांनी मुक्त झालेल्या गुलामांना शस्त्रबंदी केली होती. त्या कायद्यांत वंशाचा उघड उल्लेख होता. मलफर्ड कायद्यात तसा एकही शब्द नव्हता आणि तो सर्वांना सारखाच लागू होता. तो वांशिक होता की सार्वजनिक सुरक्षिततेचा होता, या प्रश्नावर अभ्यासकांत एकमत नाही. भरलेल्या बंदुका घेऊन एकमेकांसमोर उभे राहणारे नागरिक आणि पोलीस ही कोणत्याही शहरासाठी धोक्याची स्थिती होती. मात्र गोरे शिकारी व बंदूकधारक वर्षानुवर्षे ज्या मुभेचा लाभ घेत होते, ती कृष्णवर्णीयांनी वापरताच काही महिन्यांतच नाहीशी झाली, हा कालक्रमही नाकारता येत नाही.

२८ ऑक्टोबर १९६७ आणि खटला

सशस्त्र गस्त थांबली, पण न्यूटन यांची गाडी पोलिसांच्या नोंदीत राहिली. २७ ऑक्टोबर १९६७ रोजी त्यांची परिवीक्षेची मुदत संपली. तो आनंद साजरा करून एका मित्रासह परतत असताना, २८ तारखेच्या पहाटे, जॉन फ्रे या पोलीस अधिकाऱ्याने वेस्ट ओकलंडमध्ये त्यांची गाडी थांबविली. हर्बर्ट हीन्स हे दुसरे अधिकारी मदतीस आले. न्यूटन गाडीतून उतरले तेव्हा त्यांच्या हाती कायद्याचे पुस्तक होते. पुढील काही मिनिटांत काय घडले, याची परस्परविरोधी वर्णने आहेत. फ्रे मरण पावले, हीन्स जखमी झाले आणि न्यूटन यांच्या पोटात गोळी लागली. फ्रे तेवीस वर्षांचे होते. रुग्णालयात खाटेला बेड्यांनी जखडलेल्या जखमी न्यूटन यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले आणि ते चळवळीचे प्रतीक बनले.

न्यूटन यांनी फ्रे यांचेच पिस्तूल हिसकावून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, असे सरकारी पक्षाचे म्हणणे होते. आपल्याजवळ शस्त्र नव्हते, फ्रे यांनी आधी शिवीगाळ केली व गोळी झाडली, त्यानंतर आपली शुद्ध हरपली, असे न्यूटन यांनी साक्षीत सांगितले. १९६८ च्या उन्हाळ्यात चाललेल्या या खटल्यात चार्ल्स गॅरी हे त्यांचे वकील होते. न्यायालयाबाहेर हजारो लोक त्यांच्या सुटकेसाठी घोषणा देत. बारा जणांच्या ज्युरीत एकच सदस्य कृष्णवर्णीय होता आणि त्याचीच प्रमुख म्हणून निवड झाली. ८ सप्टेंबर १९६८ रोजी ज्युरीने खुनाचा आरोप अमान्य केला, पण सदोष मनुष्यवधाबद्दल न्यूटन यांना दोषी ठरविले. शिक्षा दोन ते पंधरा वर्षांची झाली.

आरोपी शुद्धीवर नसेल तर त्याची जबाबदारी कितपत, याविषयी ज्युरीला योग्य मार्गदर्शन करण्यात आले नाही, या कारणावरून अपील न्यायालयाने मे १९७० मध्ये निकाल रद्द केला. ऑगस्टमध्ये न्यूटन तुरुंगातून बाहेर आले. त्यानंतर दोनदा खटला चालला, दोन्ही वेळा ज्युरीचे एकमत झाले नाही, आणि डिसेंबर १९७१ मध्ये आरोप मागे घेण्यात आले. फ्रे यांना आपणच मारल्याची कबुली न्यूटन यांनी पुढे खासगीत दिली होती, असे काही लेखकांनी नमूद केले आहे. न्यायालयात ती बाब कधीच सिद्ध झाली नाही.

दरम्यान चळवळीने जबर किंमत मोजली होती. ६ एप्रिल १९६८ रोजी ओकलंडमधील चकमकीनंतर, पक्षाचा पहिला सभासद बॉबी हटन पोलिसांच्या गोळ्यांनी ठार झाला. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. डिसेंबर १९६९ मध्ये शिकागोचे तरुण नेते फ्रेड हॅम्प्टन पोलिसांनी पहाटे घातलेल्या छाप्यात मारले गेले. संघराज्य गुप्तचर विभागाचे प्रमुख जे. एडगर हूव्हर यांनी पँथरांना देशांतर्गत सुरक्षेचा सर्वांत मोठा धोका ठरविले होते. खोटी पत्रे, पेरलेले खबरे आणि गटागटांत लावलेली भांडणे यांच्या आधारे पक्ष पोखरला गेला. या कारवाईची कागदपत्रे नंतर उघड झाली.

सुटकेनंतरचे कार्य

तुरुंगातून परतलेल्या न्यूटन यांना वेगळाच पक्ष दिसला. मुलांना मोफत न्याहारी देण्याचा उपक्रम १९६९ च्या प्रारंभी ओकलंडच्या एका चर्चमध्ये सुरू झाला होता आणि अनेक शहरांत पसरला होता. मोफत दवाखाने आणि सिकल सेल रक्तदोषाची तपासणी ही कामेही वाढत होती. न्यूटन यांनी बंदुकीऐवजी याच कामांवर भर दिला. बंदुकीने वस्ती पक्षाजवळ येण्याऐवजी दुरावली, या निष्कर्षाप्रत ते आले होते. अल्जीरियात आश्रय घेतलेल्या क्लीव्हर यांना हे अमान्य होते आणि १९७१ मध्ये पक्ष फुटला. त्याच वर्षी न्यूटन चीनला जाऊन आले व पंतप्रधान चौ एन-लाय यांना भेटले. स्त्रियांच्या आणि समलैंगिकांच्या चळवळींना कृष्णवर्णीय चळवळीने मित्र मानावे, अशी भूमिका त्यांनी १९७० मध्येच जाहीरपणे घेतली होती. त्या काळात ती धाडसाची होती. १९७३ मध्ये सील यांनी ओकलंडच्या महापौरपदाची निवडणूक लढविली. ते दुसऱ्या फेरीपर्यंत पोहोचले, पण पराभूत झाले. रिव्होल्यूशनरी सुइसाइड हे न्यूटन यांचे आत्मचरित्रही याच वर्षीचे.

अखेरची वर्षे

१९७४ नंतरचा इतिहास उद्वेगजनक आहे आणि त्यांच्या चाहत्यांनी तो बहुधा टाळला आहे. मादक पदार्थांचे व्यसन, सहकाऱ्यांना मारहाण आणि पक्षाच्या पैशाचा गैरवापर यांच्या तक्रारी वाढत गेल्या. एका सतरा वर्षांच्या मुलीच्या खुनाचा आणि एका शिंप्यास पिस्तुलाने मारहाण केल्याचा आरोप झाल्यावर ते क्यूबाला निघून गेले. त्यांच्या अनुपस्थितीत एलेन ब्राउन यांनी पक्ष सांभाळला. १९७७ मध्ये ते परतले. खुनाच्या खटल्यात दोनदा ज्युरीचे एकमत झाले नाही. मारहाणीच्या आरोपातून ते सुटले, परंतु बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल १९७८ मध्ये दोषी ठरले.

१९८० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता क्रूझ शाखेने त्यांना पीएच.डी. दिली. प्रबंधाचा विषय पँथरांविरुद्धची सरकारी दडपशाही हा होता. १९८२ पर्यंत पक्ष संपुष्टात आला. पक्षाच्या शाळेच्या निधीतील धनादेश परस्पर वटविल्याबद्दल १९८९ मध्ये न्यूटन यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली. त्याच वर्षी २२ ऑगस्टच्या पहाटे वेस्ट ओकलंडमध्ये, तुरुंगातील एका टोळीशी संबंधित तरुणाने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. मृत्युसमयी त्यांचे वय ४७ वर्षे होते. पक्षाने पहिल्या दिवसांत गस्त घातली ती हीच वस्ती होती. अंत्यदर्शनासाठी हजारो लोक आले.

प्रभाव आणि स्मृती

पँथरांच्या नावाचा प्रतिध्वनी महाराष्ट्रातही उमटला. १९७२ मध्ये नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आदी तरुणांनी मुंबईत दलित पँथरची स्थापना केली, तेव्हा संघटनेचे नाव अमेरिकेतील पक्षावरून घेतले. गावोगावी दलितांवर होणारे अत्याचार आणि त्यांच्याकडे शासनाने केलेले दुर्लक्ष ही त्यांच्या रोषाची कारणे होती. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये बंदुकीसाठी परवाना लागतो, त्यामुळे न्यूटन यांचा मार्ग येथे जसाच्या तसा येणे शक्यच नव्हते. येथे आले ते नाव, आक्रमक पवित्रा आणि लेखणी. पोलिसांशी संघर्ष मात्र त्यांच्याही वाट्याला आला.

कॅलिफोर्नियात मलफर्ड कायद्यानंतरही न भरलेले शस्त्र उघडपणे नेता येत होते. २०१२ पासून पिस्तुलांसाठी आणि २०१३ पासून लांब बंदुकांसाठी शहरी भागांत तीही मुभा संपली. दुसरीकडे सर्वोच्च न्यायालयाने २००८ आणि २०२२ च्या निकालांत शस्त्र बाळगणे हा व्यक्तीचा हक्क असल्याचे मान्य केले. या निकालांनंतर मलफर्ड कायद्याच्या जन्मकथेचा दाखला न्यायालयीन व सार्वजनिक चर्चेत वारंवार दिला जातो. कधी हक्काच्या बाजूने बोलणारे तो देतात, तर कधी या हक्काचे वाटप वर्णावरून होते असे म्हणणारे. २०१४ मध्ये टेक्सास राज्यातील डॅलस येथे ह्यूई पी. न्यूटन गन क्लब या नावाने संघटना स्थापन झाली. तेथील कायद्यानुसार लांब बंदुका उघडपणे बाळगता येतात, आणि या संघटनेचे सभासद त्या घेऊन पोलिसांच्या हिंसेविरुद्ध रस्त्यावर संचलन करतात.

ओकलंड शहराने २०२१ मध्ये नाइन्थ स्ट्रीटच्या एका भागाला न्यूटन यांचे नाव दिले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये या रस्त्याच्या आणि मंडेला पार्कवेच्या चौकात शिल्पकार डॅना किंग यांनी घडविलेल्या न्यूटन यांच्या कांस्य अर्धपुतळ्याचे अनावरण झाले. त्यांची हत्या झाली ते ठिकाण तेथून जवळच आहे.